एसावाच्या गोष्टीत याकोबाने कुठे बघायचं?

दुसरा_मजला

सर्वांना सलाम. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, जन्मापासून तिथेच. मस्जिद बंदरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिलं बनवतो. उपासनेला मात्र भायखळ्याला जातो, आजोबा नगरहून आले तेव्हापासून आमची मंडळी तीच. रविवारी मेगाब्लॉक असला की पहिलं गायन चुकतंच. गेल्या रविवारी आई आणि मी धापा टाकत आत शिरलो, तर दादा-वहिनी नालासोपाऱ्याहून येऊन आमच्यासाठी जागा धरून बसले होते. हे मुद्दाम लिहितोय. माझा दादा वाईट माणूस नाही.

उपदेश बायबलमधल्या इब्री १२:१६ वर होता. मसुरीच्या एका जेवणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावाला, याकोबाला, विकून टाकणारा एसाव. पाळकसाहेब चांगले बोलले. म्हणाले, सैतानाचा सगळ्यात आवडता शब्द 'आत्ता'. आत्ता घ्या, पैसे नंतर द्या. आत्ता खा, उद्याचं उद्या. देवाची वचनं सावकाश पिकतात आणि माणसाची भूक थांबायला तयार नसते. हे चालू असताना आईने मान न वळवता दादाकडे पाहिलं. मीही पाहिलं. दादा वहिनीच्या पर्समधली पावती घेऊन तिची बारीक घडी घालत बसला होता.

आता घरचं सांगतो. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. घर २२५ चौरस फुटांचं, सोसायटीच्या दप्तरी अजून त्यांच्याच नावावर. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असं मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय, त्यामुळे दादाच्या लेखी ती दरवर्षीची बोंब आहे. त्याला आत्ता चार लाख हवेत. दोन चाळीस क्रेडिट कार्डाचे, त्यात एक गोव्याची ट्रिप, दोन मोबाइल आणि बाकी व्याजच व्याज. उरलेल्यात बुलेटचं डाउन पेमेंट आणि थोडं हातात. बुलेटचा रंगही ठरलाय. कोणता ते सांगत नाही, तुम्ही म्हणाल हा माणूस गोष्ट रचतोय. त्याचं म्हणणं सरळ आहे: "मला चार दे, मी हक्क सोडतो. कुठे सही करायची तेवढं सांग."

हिशेब माझा धंदाच आहे. आजच्या भावाने त्याचा वाटा चार लाखांच्या चौपट तरी होतो. आणि चार लाख मी पतपेढीतून उचलू शकतो.

त्या रविवारी उपासनेनंतर तो आमच्याबरोबर घरी आला. महिनाअखेर, म्हणून मटण नाही, आईने मसुरीची आमटी केली होती. खरंच मसुरीची. दादाला ती लहानपणापासून आवडते, लसूण जास्त घातलेली. त्याने भातात कालवून दोनदा घेतली, मग वाटी तोंडाला लावून उरलेली प्याला. आईच्या टॉवेलला हात पुसले आणि मला म्हणाला, "कागद कधी करतोस?" पाच मिनिटांत जिना उतरला, ४:०५ ची गाडी धरायची होती.

रात्री उत्पत्तीचा पंचविसावा अध्याय काढला. शेवटी आहे, तो जेवला, प्याला, उठला आणि निघून गेला. मी पुस्तक पालथं ठेवलं. परत उचललं आणि जरा वर गेलो, तर तिथे लिहिलंय की याकोब कालवण शिजवत होता. संडे स्कूलपासून ही गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल, पण पातेल्यापाशी कोण उभा आहे तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. उपदेशातही त्याच्याबद्दल एक शब्द नव्हता.

तर प्रश्न असा. क्षणाच्या सुखासाठी कायमचं वचन सोडू नका, हे एसावाला सांगून झालं. जो समोर बसून ते विकत घेतोय, त्याला हे शास्त्र काय सांगतं? आपल्याला शिकवलं होतं की याकोबाला निदान हक्काची किंमत कळत होती. म्हणजे तो पास. रात्री झोपताना मलाही तसंच वाटतं, की दादा उधळ्या आहे, वारसा मी सांभाळतोय, देवाची मर्जी माझ्याकडे आहे. सकाळी दात घासताना लाज वाटते.

सोसायटीच्या कमिटीत असल्यामुळे काही गोष्टी मला आधी कळतात, त्यामुळे थोडी घाई माझीही आहे. दोन आठवड्यांत ठरवायचंय. कृपा करून नुसतं 'प्रार्थना करा' लिहू नका. ती चालू आहे.

गोराईकर

आमी कॅथलिक, पण जमिनीच्या बाबतीत सगळ्या मिशनांची कथा एकच. आमच्या आज्याने वाडी विकली तेव्हा घरात एक लग्न होतं. दोन दिवस बँड वाजला, अख्खं गावठाण जेवलं. आजही म्हातारी माणसं त्या जेवणाची आठवण काढतात, खोटं कशाला बोलू. वाडीच्या जागी आता बंगला आहे आणि आमच्यातला एक जण त्याच्या गेटवर वॉचमन आहे.

पण विकत घेणाऱ्याबद्दल आमच्यात कोणी कधी काही बोलत नाही, ते तुमचं खरं आहे.

एकच विचारतो. कमिटीत तुम्हाला आधी नक्की काय कळलं? ते तुम्ही लिहिलं नाही.

शास्त्र_वाचक

मी सेमिनरीत तीन वर्षं काढली, पाळक झालो नाही, ती कहाणी वेगळी. हिब्रू मात्र थोडं डोक्यात राहिलं, म्हणून लिहितो.

बुलेट लाल आहे ना? एसाव पातेल्यातल्या पदार्थाचं नावसुद्धा घेत नाही. 'ते लाल, ते लाल' असं दोनदा म्हणतो, हा-आदोम, हा-आदोम. मागतो तेही 'मला वाढ' असं नाही. तिथलं क्रियापद बायबलमध्ये फक्त याच ठिकाणी आलंय आणि ते घशाखाली लोटण्याचं आहे. आणि शेवटची क्रियापदं तुम्ही पकडलीत तशीच आहेत, एकामागोमाग एक, मध्ये श्वास नाही. लेखकाला एसावाबद्दल काय वाटतं ते तिथे कळतं.

पण तुमच्या पाळकसाहेबांच्या 'आत्ता'वर मला थांबायचंय. एसाव भुकेला आहे, मरायला टेकलोय म्हणतो, घाई त्याला आहेच. पण 'आज' हा शब्द कोणाच्या तोंडी आहे बघा. आज मला तुझा हक्क वीक, हे याकोब म्हणतो. आज मला शपथ दे, हेही याकोबच. दोन्ही वेळा. ज्याला उद्याची कदर आहे असं आपण मुलांना शिकवतो, त्यालाच सही आजच्या आज हवी आहे.

आता त्याच अध्यायात अजून वर जा, तेविसाव्या वचनापर्यंत. मुलं पोटात असतानाच देवाने त्यांच्या आईला, रिबेकेला, सांगितलंय की वडील, म्हणजे थोरला, धाकट्याची सेवा करील. म्हणजे वचन आधीच दिलेलं होतं, फुकट. याकोबाने तेच भावाच्या रिकाम्या पोटावर टिच्चून विकत घेतलं. एसावाने ज्येष्ठत्वाचा हक्क तुच्छ मानला हे खरं, शास्त्रात तसं स्पष्ट लिहिलंय. याकोबाने वचनावर विश्वास ठेवला नाही असं मात्र लिहिलेलं नाही. ते माझं वाचन आहे, पटलं तर घ्या.

त्या व्यवहारातून त्याच्या हाती काय पडलं ते पाहा. अठ्ठाविसाव्या अध्यायात तो घर सोडून पळतोय, उशाला दगड. पुढे स्वतःच कबूल करतो की यार्देन नदी ओलांडली तेव्हा हातात फक्त काठी होती. वीस वर्षं मामाकडे राबला. आणि 'मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तिथे तुला राखीन' हे वचन त्याला कुठे मिळालं, तर त्या दगडापाशी. त्यासाठी त्याला कोणाची सही घ्यावी लागली नाही.

तेहतिसाव्यात भाऊ भेटतात. एसाव धावत येऊन गळ्यात पडतो, भेट घ्यायला तयार नसतो, माझ्याजवळ पुष्कळ आहे म्हणतो. तेव्हा याकोब म्हणतो, घे. आणि त्या भेटीसाठी अकराव्या वचनात शब्द वापरतो 'आशीर्वाद'. बापाकडून लबाडीने मिळवला होता तोच शब्द. मराठीत 'भेट' असं वाचून आपण पुढे जातो.

लूक १२:१३ ही वाचा. गुरुजी, माझ्या भावाला वतन, म्हणजे वारसा, वाटून द्यायला सांगा, असं एक जण येशूला म्हणतो. तुमचाच प्रश्न. येशू वाटणी करून द्यायला साफ नकार देतो.

निवृत्त_बाई

तू म्हणते, वयाने मोठी आहे. पालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि संडे स्कूलमध्ये त्याहून जास्त. एसावाची गोष्ट मीही तशीच शिकवली, याकोब हुशार म्हणून. फलकावर वाटी काढायचे, लाल खडूने.

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आई आहे, दादा आहे, वहिनी आहे, बुलेटसुद्धा आहे. तुला बहीण नाही का? नसेल तर पुढचं सोडून दे. असेल तर ती या गोष्टीत कुठे आहे? 'त्याचा वाटा' काढताना तू किती जणांत भागलंस? ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात पंधरावं वचन बघ. त्याने मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. केरळात मेरी रॉय यांना मुलींच्या वाट्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, निकाल १९८६ चा. आपल्याकडे कायद्यात ते कधीचंच आहे, घरात यायचं बाकी आहे.

दुसरं म्हणजे हा 'वतन' शब्द. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे ना, स्वर्गात राखून ठेवलेलं अक्षय वतन. माझे आजोबा हे वचन आलं की गप्प व्हायचे. त्यांच्या वडिलांनी गावात महारकीचं वतन केलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारंच होतं तेही! रात्री-बेरात्री सरकारी टपाल पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्याबदल्यात दारोदार भाकरी मागायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्या वतनाविरुद्ध बिल आणलं, ते काही उगीच नाही. आजोबा म्हणायचे, कायमचं आहे म्हणून चांगलं आहे असं नसतं, देणारा कोण ते आधी बघ. मला लहानपणी कळायचं नाही. आता वाटतं, त्यांना स्वर्गातलं वतन समजून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त कष्ट पडले असतील, म्हणूनच ते त्यांनी जास्त घट्ट धरलं.

तू ज्याला वारसा म्हणतोस ते विक्रोळीतलं घर आहे, बाळा. चांगलं घर आहे, सोडू नकोस. पण त्याला वचनाच्या रांगेत बसवू नकोस. दादाला बुलेट हवी आणि तुला टॉवरमधला फ्लॅट हवा. त्याची वस्तू लवकर गंजते, तुझी उशिरा, एवढाच फरक मला तरी दिसतो.

पैसे द्यायचे तर दे. कार्डाचं व्याज माणूस खातं. पण सही घेऊ नकोस. आणि जे सांगायचं असेल ते जेवणाआधी सांग. पोट भरल्यावर माणूस कशालाही हो म्हणतो, उपाशी असल्यावरही म्हणतो.

कागदपत्र_काका

अध्यात्मातलं मला कळत नाही. कागदाचं सांगतो.

ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांमध्ये समान. थोरला, धाकटा, मुलगा, मुलगी, काही फरक नाही. म्हणजे ज्येष्ठत्वाचा हक्क वगैरे तुमच्या घरात कोणाकडे नाहीच, विकणार काय? तीन मुलं असतील तर प्रत्येकाला नवातले दोन भाग.

हक्कसोडपत्र नोटरीकडे करून चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. मोबदला घेऊन केलं तर स्टॅम्प ड्युटीचा हिशेब बदलतो, वकिलाला विचारा. नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल तरी तुम्ही मालक होत नाही. आणि महत्त्वाची माहिती दडवून घेतलेली सही कोर्टात आव्हान देण्यासारखी असते. गोराईकरांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या, मग पुढचं बोलू.

दुसरा_मजला

अकरा दिवसांनी लिहितोय. रोज उघडून वाचत होतो, लिहायला हात होत नव्हता.

गोराईकर, काका, उत्तर असं. बिल्डरचं सुधारित पत्र कमिटीकडे आलं होतं. कार्पेट, म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ, जवळजवळ दुप्पट आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, तोही वाढवलेला. बोर्डावर नोटीस लागायला दोन आठवडे होते. मला दोन आठवड्यांत सही का हवी होती ते आता सांगायला नको. त्या रविवारी दादा आमटी पीत होता तेव्हा पत्राची झेरॉक्स माझ्या बॅगेत होती, खुर्चीला अडकवलेल्या.

बाई, बहीण आहे. कल्याणला. माझ्याहून मोठी. हिशेब मी तिघांत केला होता, आई, दादा आणि मी. मुद्दाम गाळली असं नाही, आणि हेच जास्त वाईट आहे.

आधी ताईला फोन केला. तीन-चार मिनिटं पोरांच्या परीक्षा, पाणी, असलं काहीतरी बोललो, मग सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मला काय करायचंय रे, तुम्ही भाऊ बघा. बहिणी म्हणतात तसं. ती म्हणाली, "कार्पेट किती?" मग म्हणाली, "पत्र मला पाठव." पाठवलं.

दादाला घरीच बोलावलं. आईला म्हटलं होतं, आज मसूर करू नकोस. तिने केलीच, म्हणाली त्याला आवडते, तुझं काय जातंय. ताटं मांडायच्या आधी मी त्याच्या हातात पत्र दिलं. त्याने वाचलं, दुसरं पान उलटून परत पहिलं काढलं. "हे कधी आलं?" मी तारीख सांगितली. तो काही बोलला नाही, पण ओठ हलत होते, दिवस मोजत होता. मग पत्राची घडी घातली, बारीक, चर्चमध्ये पावतीची घातली होती तशी, आणि माझ्याच खिशात ठेवली. आई वाटीत आमटी घेऊन दारापर्यंत गेली. उपाशी जाऊ नकोस म्हणाली. जेवला नाही, प्याला नाही. नुसता उठला आणि गेला.

पतपेढीत दोन चाळीसचा फॉर्म भरलाय, कार्डापुरता, सही-बिही काही नको असं वहिनीला कळवलंय. तिचा निरोप आला की कार्डवाल्यांचे फोन चालूच आहेत, हे अजून काही बोलत नाहीत. गेल्या रविवारी दोघं भायखळ्याला नव्हते. मी जागा धरून ठेवली होती, दुसरं गायन संपेपर्यंत.

शास्त्र_वाचक, तेहतिसावा अध्याय वाचला. तिथे वीस वर्षं गेलेली आहेत, ते तुम्ही सांगितलंच होतं.

आमटी पातेलंभर उरली होती. सोमवारी आईने तीच डब्यात दिली. आमच्या ऑफिसात गरम करायची सोय नाही, तशीच खाल्ली.